टेबल क्रमांक तीन

कोपरखैरण्याच्या कॉलेजात, परीक्षा विभागात,
खिडकीला जाळी आहे, आणि जाळीला हाताएवढं भोक.
त्यातून अर्ज आत येतात, गुणपत्रिका बाहेर जातात.
एकोणीस वर्षांत मला कुणाचा चेहरा धड दिसलेला नाही.
मनगटं दिसतात. घड्याळं, गंडे, पेनाची शाई.

दीपश्री मढवीच्या मनगटावर गोंदण होतं,
बारीकसं, विमानाचं.
मी म्हटलं, दुखलं असेल गं.
ती म्हणाली, मॅडम, ट्रान्सक्रिप्टचे सहा संच, सीलबंद.

पदवी तेव्हा नुकतीच बदलून आली होती आमच्याकडे.
आता तिला दर मजल्यावर दार:
पहिल्यावर उतरलात तर प्रमाणपत्र, दुसऱ्यावर पदविका,
तिसऱ्यावर पदवी, चौथ्यावर आणखी मोठी पदवी.
परिपत्रक सत्तावीस पानांचं.
लहानू शिपायाने ते झेरॉक्सला नेता नेता विचारलं,
"आणि गच्चीवर?"

'गुण' खोडून आम्ही 'श्रेयांक' लिहू लागलो.
श्रेय कुणाचं ते ठरलं नाही, अंक मात्र भरावे लागले.
सॉफ्टवेअरला तो शब्द येईना, त्या जागी चौकोन छापायचं.
तीन महिने पोरं चौकोन घेऊन पास झाली.

राईनकाठच्या कुठल्याशा विद्यापीठाचं तिला उत्तर आलं:
तुमची तीन वर्षं आमच्या मापात भरत नाहीत,
चौथं करून या.

चौथं होतं आमच्याकडे. म्हणजे फलक होता,
प्रयोगशाळेच्या दारावर, कुलपाच्या जरा वर.
शिकवणारे सर अजून जाहिरातीत होते.

एकदा तिचे वडील आले, घणसोलीहून.
जाळीबाहेर चपला काढून उभा राहिलेला
तो मी पाहिलेला एकमेव माणूस
(पाहिलेला म्हणजे, वाकून, भोकातून, पावलं).
शेत गेलं, साडेबारा टक्क्यांत गाळा आला,
आता गाळ्याला गिऱ्हाईक बघत होते.
मी समजावलं, आपले एकशे बत्तीस, त्यांना हवेत एकशे ऐंशी,
पण त्यांचा एक म्हणजे आपला एक नव्हे,
आणि मग मलाच पुढचं सांगता येईना.
ते म्हणाले,
"आमची पायली न पनवेलची पायली तरी कवा मिलली, बाय?
भात त त्योच व्हता."

मी पत्र टाइप केलं.
'सदर पदवी स्वयंपूर्ण असून...'
'स्वयंपूर्ण' दोनदा वाचलं. शुद्धलेखन बरोबर होतं.
शिक्का इतका दाबून मारला
की खालच्या कोऱ्या कागदावरही कॉलेजचं नाव उमटलं.
तो कागद अजून माझ्या खणात आहे.

पुढे तिकडचा नियम बदलला म्हणे,
किंवा व्हिसाचा; कुणीतरी बोलता बोलता सांगितलं.
तोवर ते मनगट खिडकीवर यायचं थांबलं होतं.

परवा साडेदहाला फोन.
महाप्यातली कंपनी, परदेशी विद्यापीठांसाठी पदव्या तपासते,
मेलबर्नच्या घड्याळावर चालते.
इस्त्री केलेलं इंग्रजी. एका मुलाचं नाव, बैठक क्रमांक,
तीन वर्षं, श्रेयांक एकशे बत्तीस.
मग मध्येच मराठीत, हळू:
"मॅडम, पदवी पूर्ण आहे का?"

मॅडम म्हणण्याची ती पद्धत मला ओळखीची.
मी म्हटलं, पूर्ण आहे.
तू कशी आहेस?

"माझ्याकडे दोनच रकाने आहेत, मॅडम.
समतुल्य, किंवा अपुरं."

गोंदण आहे का अजून, मी विचारलं.
"इथे फुल बाह्या घालाव्या लागतात," ती म्हणाली,
आणि लगेच इंग्रजीत सांगितलं
की हा कॉल नोंदवला जात आहे, सहकार्याबद्दल आभार.

मग टिचकीचा आवाज आला. एकच.
दोन्ही रकान्यांना तो सारखाच येत असणार.